पांढरा खडू

गेल्या महिन्यात वर्गात नद्यांचा धडा चालू होता. भिंतीवर तक्ता टांगला होता. माझ्या आधीपासून शाळेत असलेला, कडा चिकटपट्टीनं सांधलेला. वर पांढऱ्या टोप्या घातलेले डोंगर, त्यांतून निघालेली निळी रेघ, मग वळणं, धरण, शेवटी समुद्र. मी फळ्यावर खडूनं हिमनदी काढत होते. दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. नाव घेऊन काही विचारलं तरी ती दप्तराच्या पट्ट्याकडे बघते. तिनं हात वर केला. "बाई, तुमी बगून आलायसा न्हवं? अशीच पांढरी असती काय?"

मी "होय" म्हणाले.

म्हणाले आणि खडू तसाच पुढं चालवला. बाकाकडे वळताना उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख चपलेच्या पट्ट्याला घासलं आणि कळ डोक्यापर्यंत गेली. दीड महिना झाला, ते नख अजून काळं आहे. तसं बघितलं तर मी चुकीचं काही शिकवलं नव्हतं. परीक्षेत हिमनदीची व्याख्या लिहायला सांगतात, रंग कुणी विचारत नाही. तास संपायला सात मिनिटं होती आणि मला उगमापासून त्रिभुज प्रदेशापर्यंत पोचायचं होतं. पण तिनं धड्यातलं विचारलं नव्हतं. तिनं मला विचारलं होतं, तुम्ही बघून आलायसा म्हणून. आमच्याकडची मुलं बाईंना असं सहसा विचारत नाहीत, आणि विचारलं त्या दिवशी बाईंनी तक्त्यावरचं उत्तर दिलं. त्या संध्याकाळी बसमध्ये, खानापूरला उतरेपर्यंत, तो "होय" दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा जिभेला लागत राहिला.

सत्तेचाळिसाव्या वर्षी हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते गुडघ्यांमुळे. चाला म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. एकटीनं चालायचा कंटाळा, म्हणून बेळगावातल्या एका रविवारच्या गटात शिरले. बहुतेक बँकेतून निवृत्त झालेले, दोघी पोस्टातल्या, एक औषधांचं दुकान असलेले काका. राजहंसगड चढायचा, वर सिद्धेश्वराच्या देवळात घटकाभर बसायचं, खाली येऊन मिसळ खायची आणि चालून जे कमावलं ते तिथंच फेडायचं. एका रविवारी काकांनी मिसळीवर लिंबू पिळता पिळता दसऱ्याच्या सुट्टीत गंगेच्या उगमाला, गोमुखाला जायचं का म्हणून विचारलं, आणि सगळ्यांच्या आधी मी हो म्हणाले. राजहंसगडावर थेट गाडीरस्ता जातो, ही गोष्ट मी त्या क्षणी सोयीस्करपणे विसरले होते. बूट खडेबाजारातून घेतले. किंचित घट्ट होते. "चालून सैल होतात बघा, अक्का," दुकानदार म्हणाला. झाले सैल, पण परत आल्यावर. आणि ट्रॅकपँट. पंचवीस वर्षं साडीत शाळा केलेल्या बाईनं बेळगाव स्टेशनावर, सहकाऱ्यांचे नवरे निरोप द्यायला आलेले असताना, ट्रॅकपँटमध्ये उभं राहायचं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. मी वरून दुपट्टा घेतला होता. गोवा एक्सप्रेसनं दीड दिवस, मग हरिद्वार, मग उत्तरकाशीपर्यंतची पोट ढवळणारी वळणं, त्याबद्दल काही सांगत नाही. सगळ्यांना माहीत असतं ते.

गंगोत्रीहून निघाल्यावर दोनेक किलोमीटरवर कनखूचं नाकं लागतं. गोमुखाकडे दिवसाला १५० जणांनाच परवाना मिळतो, तो इथं तपासतात. वहीत नोंद करणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, "कहाँ से? महाराष्ट्र?" आम्ही आपसात मराठी बोलत होतो, त्याचं काही चुकलं नव्हतं. पण कुठून आलात या साध्या प्रश्नावर आमचा गट नेहमी एक क्षण गप्प होतो. कुणी खाकरलं, कुणी बुटाची नाडी बघितली. शेवटी काका म्हणाले, "बेळगाव." त्यानं पेन थांबवलं, "वो किधर पड़ता है?" आधारकार्ड पुढं केलं, त्यानं त्यावरचं राज्य वाचून लिहिलं आणि मग कुतूहलानं विचारलं की मग मराठी कशी बोलता. पोस्टातल्या बाईंनी त्याला जे उत्तर दिलं ते त्याला कळलं की नाही माहीत नाही, पण तो हसला आणि फाटक उघडलं. आम्हीही हसलो. पुढं बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याचं कारण चढ होता, असं मी धरून चालते.

पहिला दिवस गंगोत्री ते भोजबासा, १४ किलोमीटर. उजव्या हाताला खाली भागीरथी सतत बोलत असते. आपण थांबलो तरी ती थांबत नाही, त्यामुळे दमून बसलं की आणखीच अपराधी वाटतं. आधी देवदारांची सावली, चीडबासाला शेवटची दाट झाडी, मग ती मागं पडते आणि उघडा, ढासळणारा डोंगर सुरू होतो. तिथं वरून दगड येतात, म्हणून थांबायचं नाही, बोलायचं नाही, वर बघत भराभर पार व्हायचं. मला चालता चालता वर बघता येत नाही, मी पायांकडे बघत गेले. भोजबासाला भूर्जाची फार झाडं उरलेली नाहीत. जी आहेत त्यांची साल सुटून वाऱ्यावर फडफडत होती, जुन्या वहीचं कव्हर सुटावं तशी. पोथ्या याच सालीवर लिहायचे, हे मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले. हात लावला तर साल कागदाहून मऊ लागली. संध्याकाळी भागीरथीची तीन शिखरं आधी पिवळी झाली, मग तांबूस, आणि सूर्य गेल्यावर पांढरी. ते पांढरं तक्त्यावरच्यासारखंच होतं. मी मनात म्हटलं, उद्या याच्या पायथ्याशी. त्यातल्या सर्वांत उंच शिखराची उंची ६,८५६ मीटर. आमचं सगळं गाव, शाळा, पाण्याची टाकी, राजहंसगड, सगळं एकावर एक ठेवून मी हिशेब करत बसले होते. तेवढ्यात डाळभात आला.

रात्री झोप नाही. भोजबासा साधारण ३,८०० मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो, आणि हे पुस्तकात वाचणं वेगळं. डोळा लागला की श्वास अपुरा पडून दचकून जाग यायची. कानात स्वतःचं काळीज ऐकू यायचं. तीन रजयांखाली, टोपी घालून, मी खानापूरच्या घरातल्या पंख्याचा आवाज आठवत पडले होते. पहाटे उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली हलवली तर आत खडखड झाली. आणि एक गोष्ट बायका एकमेकींना सांगतात पण लिहीत नाहीत, ती म्हणजे भोजबासाच्या पुढं आडोशाला झुडूपसुद्धा नाही. दगड शोधावा लागतो, मोठा, आणि एकीनं राखण करायची. आम्ही तिघी त्या सकाळी इतक्या जवळच्या झालो की परत येताना गाडीत एकमेकींच्या सासवांपर्यंत पोचलो.

भोजबासा ते गोमुख फक्त ४ किलोमीटर. पण वाट संपते आणि दगड सुरू होतात. टेबलाएवढे, कपाटाएवढे, खोलीएवढे. एकावरून दुसऱ्यावर पाय टाकायचा, तो हलतो की काय हे बघायचं, मग अंग टाकायचं. वीस पावलं आणि थांबा, पंधरा आणि थांबा, शेवटी मी दहा मोजायची आणि दहावं मोजताना खोटं बोलायची. आमच्यासोबतचा मुलगा हर्षिलकडचा, वीस-बावीसचा, खिशात हात घालून चालत होता. त्याला मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. त्यानं भाकरी वाजवून बघितली, "मॅडमजी, ये पापड़ है?" आदल्या दिवशी कुंदा दिला होता तेव्हा हा प्रश्न आला नव्हता. घसा इतका कोरडा होता की हसताना खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत एका दगडाला मिठी मारून उभी राहिले. तिथंच, त्या मिठीतून, मला वाटलं की पुरे. इथवर आले हे काय कमी आहे? कुणाला काय कळणार आहे? तेवढ्यात मागून औषधवाले काका आले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. श्वास लागलेला, नाक लाल. "बाई, थांबू नका हो," म्हणाले, "तुम्ही थांबला की मला थांबायला निमित्त होतंय." मी चालले.

मग एका उंचवट्यावर तो मुलगा थांबला. आमचेही पाय थांबले. समोर खडीचा ढीग होता. खानापूरच्या रस्त्याचं चौपदरीकरण चालू असताना दोन्ही बाजूंना जे ढीग बघत आम्ही शाळेला जात होतो, तसलाच. फक्त डोंगराएवढा. राखाडी, मळका, वरून बारीक दगड घरंगळणारा, मधेच ओल आलेल्या भिंतीसारखे काळे डाग. त्याच्या पायाशी एका भगदाडातून पाणी बाहेर पडत होतं. त्याच्या फार जवळ जाऊ देत नाहीत. २०१६च्या पावसाळ्यात गोमुखाचा मोठा भाग कोसळला होता. मी पदराला, म्हणजे दुपट्ट्याला, घाम पुसला आणि विचारलं, "ग्लेशियर और कितना दूर है?" तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "मॅडमजी, सामने ही तो है. ये पूरा बर्फ है. ऊपर पत्थर पड़ा है, बस."

पंचवीस वर्षं मी फळ्यावर जे काढत आले, ते समोर होतं आणि मी ओळखलं नव्हतं.

नंतर सगळं सुचलं, तसं ते मला येतच होतं. दोन्ही बाजूंचे कडे फुटतात, दगड खाली पडतात, बर्फ त्यांना अंगावर घेऊन सरकतं. वर बर्फ वितळत जातं तसे दगड पृष्ठभागावर साठतात. गंगोत्रीची हिमनदी ३० किलोमीटर लांब आहे. तेवढ्या वाटेवरचं ओझं शेवटी मुखाशी येऊन साठणार, दुसरं काय होणार. आणि खालचे दगड जात्यासारखे खडक दळतात. म्हणून पाणी असं, ज्वारी दळून झाल्यावर जातं धुतलेल्या पाण्यासारखं. हे सगळं मी सहावीला शिकवू शकते. पण तिथं उभी राहिले तेव्हा आत जे झालं त्याला फसवणूक म्हणावं की लाज, ते ठरेना. बाकीचे हात जोडून उभे होते. पोस्टातल्या एकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. काकांनी कपडे काढून त्या पाण्यात तीन बुड्या मारल्या आणि थरथरत "हर हर गंगे" म्हणाले तेव्हा दातांचा ठेका स्पष्ट ऐकू आला. मला रडू येत नव्हतं. मला वाटत होतं, यासाठी? मग ते वाटल्याबद्दल वाईट वाटत होतं. बाटली भरून घ्यायला खाली वाकले. हात पाण्यात गेला तेव्हा थंडी लागली नाही, सरळ दुखलं. वाकलेली असतानाच वरच्या ढिगातून एक दगड सुटला. टक, टक, मग मोठा डुबुक. त्या मागं एक लांब आवाज आला, आतून, वासा उन्हात तडकतो तसा. मी वर बघितलं. दगड सुटला होता तिथं बर्फाची एक चीर उघडी पडली होती, हातभर असेल. निळी. आकाशाची निळी नव्हे. पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ बादलीत तळाशी बसते, तसली. बघता बघता वरून बारीक खडी आली आणि ती झाकली गेली. शेजारी कुणी नव्हतं. "बघितलंत?" असं विचारायला मी वळले तर सगळे फोटोत होते.

हर्षिलच्या मुलानं लांबवर, आम्ही आलो त्या बाजूला, हात केला. त्याचे आजोबा सांगायचे की बर्फ पूर्वी तिथपर्यंत होतं. आजोबांचं मला तपासता येणार नाही, पण १९३५ मध्ये ऑडन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं या मुखाचा नकाशा केला होता, आणि तिथून १९९६ पर्यंतच ते एक किलोमीटरहून जास्त मागं सरकलं. वर्षाला अठरा-एकोणीस मीटर. आमच्या शाळेच्या तीन खोल्या. परतीच्या वाटेवर मी खोल्या मोजत होते. इथं सातवी, इथं सहावी, इथं ऑफिस. पाय दुखायला लागले की मोजायला काहीतरी लागतं.

त्या दिवशी गोमुखाहून थेट गंगोत्रीला उतरायचं होतं. सकाळचे ४ आणि परतीचे १८, एकूण २२ किलोमीटर. चढाला घाबरले होते, पण मारलं ते उतारानं. प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या टोकावर आपटत होती. चीडबासाच्या खाली नखाचं दुखणं थांबलं, याचा मला आनंद झाला. किती अडाणी मी. दिवेलागणीला गंगोत्रीत मोजा काढला तर अंगठा जांभळा होता. नाक्यावर परत नोंद करताना त्याच माणसानं आमच्याकडे बघून विचारलं, "देख लिया, बेलगाम?" आमचं सगळ्यांचं मिळून तेच नाव त्यानं ठेवलं होतं. त्या वेळी मात्र कुणीही न खाकरता, एका सुरात, होय म्हणाले.

घरी आल्यावर आईला बाटली दिली. तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू लावलं. दोन दिवसांनी हाक मारली. पाणी निवळून वर स्वच्छ झालं होतं आणि तळाला बोटभर नाही, पण नखभर जाडीचा राखाडी थर बसला होता, भस्मासारखा. "गढूळ कशानं गं?" तिनं विचारलं. मी दगड, जातं, पीठ, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे आमच्या मलप्रभेगतच की. ती तांबडी, ही राखाडी." मग थोडं थांबून म्हणाली, "पुलावरनं बघितलं असतंस तर चाललं नसतं?" आई गमतीत बोलते की मनापासून, हे मला या वयातही कळत नाही.

मलप्रभेचं मूळ कणकुंबीला. माझी आत्या तिथं दिलेली. दुसरी-तिसरीत असताना बाबा मला जांबोटीवरून बसनं घेऊन गेले होते. जूनचा शेवट असावा, डोक्यावर खोळ, बसच्या टपावर पावसाचा इतका आवाज की बाबांचं बोलणं ओठांवरून वाचावं लागत होतं. सगळ्या बसला ओल्या घोंगडीचा वास. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की आपली नदी कणकुंबीला जन्मते आणि ३०० किलोमीटर जाऊन कुडलसंगमला कृष्णेला मिळते. माझ्या मनात एक मोठा धबधबा होता. बाबांनी मला माउलीच्या देवळाशी नेलं आणि दगडी कुंड दाखवलं. हिरवट पाणी, वर पावसाचे थेंब फुटताहेत, कडेला शेवाळ. मी विचारलं, "एवढीच?" मला ते इतकं लागलं होतं की रडायला आलं. बाबा कुंडाच्या काठावर उकिडवे बसले, मला वाटतं माझ्यापेक्षा त्यांनाच बिडी ओढायची होती. "वर जाईल तशी बारीक हुतीया नदी," म्हणाले. "तू खाली बघितलीस, म्हणून तुला मोठी वाटतीया." पावसात बिडी पेटेना. तीन काड्या वाया गेल्या, ते मला कुंडापेक्षा नीट आठवतं. परत आल्यावर शाळेत बाईंनी विचारलं, काय बघितलं कणकुंबीला? मी सांगितलं, मोठा धबधबा.

हे मला बसमध्ये, त्या "होय"च्या संध्याकाळी आठवलं, आणि मी खिडकीची काच वर केली. वाऱ्यासाठी नव्हे.

दिवाळीनंतर एका रविवारी कणकुंबीला जाऊन आले. आत्या नाही आता. कळसा नाल्याच्या कालव्यासाठी उपसलेल्या मातीचे ढीग गवतानं झाकलेत, लांबून टेकड्याच वाटतात. देवळाशी आले, कुंडाच्या काठावर बसले. नख दुखत होतं म्हणून चप्पल काढून पाय दगडावर ठेवला. पाणी हिरवट होतं. पावसाळा नुकताच सरला होता, कुठूनतरी बारीक झुळझुळ येत होती. कुठून, ते कान देऊनही सापडलं नाही.

सोमवारी त्याच वर्गावर तास होता. धडा पुढं गेला होता, पण मी तक्ता काढून ठेवला आणि पुन्हा डोंगर काढले. मधे खडू आडवा धरून सगळा पट्टा पांढराफेक भरला. मुलांनी वहीत काढायला सुरुवात केली. मग डस्टर घेतलं. आमच्या शाळेतलं डस्टर पुसत नाही, पसरवतं, सगळ्या शिक्षकांची तक्रार आहे. ते त्या पांढऱ्यावरून एकदा, हात जड ठेवून, वरून खाली ओढलं. पट्टा राखाडी झाला, मळका, कुठं काळा, कुठं धुरकट. मी मागं सरकून बघितलं आणि पोटात काहीतरी हललं. अगदी तेच होतं. मग बोटाला निळा खडू लावून मधे एक चीर ओढली, हातभर नाही, दोन बोटं. टेबलावर आईच्या देव्हाऱ्यातली बाटली ठेवली होती, ती हलवली. थर उठला, पाणी राखेसारखं झालं, आणि पहिल्या बाकावरची पोरं उठून उभी राहिली. मी सांगत गेले. जातं सांगितलं, दगड सांगितले, भाकरीला पापड म्हणणारा मुलगासुद्धा सांगितला. परवा मी होय म्हणाले होते, हेही सांगायचं ठरवलं होतं. ते मात्र जमलं नाही.

दुसऱ्या बाकावरची मुलगी उठून फळ्यापाशी आली होती. तिनं जवळून बघितलं, लांबून बघितलं. मग टेबलावरचं डस्टर उचललं. "बाई," ती म्हणाली, "नीट पुसायचं ऱ्हायलंय काय?"

"नाही गं," मी म्हणाले, "अशीच असते." तिनं डस्टर खाली ठेवलं, पण चेहऱ्यावरून तिला पटलं असं दिसेना. घंटा झाली. पुढचा तास गणिताचा. बाटली पिशवीत घालून मी व्हरांड्यातून चालले होते, तर मागून सरांचा आवाज आला, "फळा कुणी पुसायचा रे?" आणि मग डस्टर भिंतीवर आपटल्याचे दोन आवाज.